टॅलीच्या पोटातली भाषा

तारापूर म्हटलं की आधी अणुवीज केंद्र आठवतं. १९६९ मध्ये वीज देऊ लागलेल्या या केंद्रावर भरपूर लिहून झालं आहे. बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक वसाहतीबद्दल लिहिलं जातं ते बहुतेक स्फोट, आग किंवा सांडपाण्याच्या निमित्ताने. रंग, औषधांची इंटरमीडिएट्स, पोलाद, कापड असं बरंच काही तिथे बनतं, आणि त्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांच्या हिशेबखोलीत बहुधा टॅली असतं. विकत घेतलेलं टॅली आणि प्रत्यक्ष वापरातलं टॅली यांत मात्र फरक असतो. मधे कुणीतरी कारखान्याच्या गरजेपुरत्या चार-दोनशे ओळी लिहून जोडलेल्या असतात. या ओळींना कुणी यंत्रसामग्री म्हणत नाही. माझं म्हणणं असं, की त्या यंत्रसामग्रीच आहेत, आणि पंपाची किंवा बॉयलरची नोंद ठेवतात तशी त्यांचीही ठेवायला हवी.

टॅलीचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. बंगळुरूचे श्यामसुंदर गोएंका गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवत. आपला व्यवहार नीट सांभाळेल असं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी मुलाला, भरत गोएंका यांना, ते लिहायला सांगितलं. १९८६ मध्ये कंपनी सुरू झाली, तेव्हा तिचं नाव प्युट्रॉनिक्स होतं. भरत गोएंका यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा निर्णय वेगळाच आहे. टॅलीच्या पोटात एक छोटी भाषा ठेवलेली आहे: टॅली डेफिनिशन लँग्वेज, सगळ्यांच्या तोंडी टीडीएल. टॅलीचे स्वतःचे मेनू, अहवाल आणि व्हाउचरचे पडदेही याच भाषेत लिहिलेले आहेत. म्हणजे बोईसरचा टीडीएलवाला आणि बंगळुरूचा अभियंता पडद्याची मांडणी एकाच भाषेत करतात. अर्ज करून वर्षभर वाट पाहण्यापेक्षा गरजवंताने स्वतःच लिहावं, ही कल्पना जगात इतरत्रही रुजली आहे. लुआ ही आज कितीतरी खेळांत वापरली जाणारी भाषा १९९३ साली रिओच्या विद्यापीठात, पेट्रोब्रास या तेल कंपनीसाठी चाललेल्या कामातून जन्मली.

टीडीएलमध्ये संगणकाला ‘आधी हे कर, मग ते कर’ असं फारसं सांगायचं नसतं. काय कसं असावं एवढं जाहीर करायचं असतं. अहवालात फॉर्म, फॉर्ममध्ये पार्ट, पार्टमध्ये लाइन आणि लाइनमध्ये फील्ड अशी उतरंड असते. खरी किमया एका चिन्हात आहे. टॅलीतल्या एखाद्या मूळ व्याख्येचं नाव चौकटी कंसात लिहून त्याआधी हॅशचं चिन्ह दिलं, की अर्थ होतो: ही व्याख्या आहे तशीच राहू दे, फक्त मी सांगतो तेवढी भर घाल. मूळ फाइलला हात लागत नाही. टॅली सुरू होताना आधी स्वतःच्या व्याख्या वाचतं, मग जोडलेल्या, आणि दोन्ही एकत्र करून पडदा मांडतं. जोडलेली फाइल काढली की टॅली पुन्हा मूळ रूपात येतं. साडीला फॉल लावताना साडी कापत नाहीत, तसं हे काम आहे.

एक उदाहरण घेऊ. कॉस्टिक सोड्याची लाय टँकरने येते आणि तिचा भाव शंभर टक्के शुद्धतेच्या हिशेबाने ठरतो. समजा, काट्यावर निव्वळ वजन २०,००० किलो भरलं आणि लॅबने तीव्रता ४७.५ टक्के सांगितली, तर पैसे ९,५०० किलोचे द्यायचे. लॅबचा आकडा ४८ निघाला तर ९,६०० किलोचे. अर्ध्या टक्क्याने १०० किलोचा फरक पडतो, म्हणून या आकड्यावरून पुरवठादाराशी वाद होतात. टॅलीत प्रत्यक्ष आणि बिलाचं वजन वेगवेगळं लिहायची सोय मुळातच आहे, पण या दोन वजनांना जोडणारी तीव्रता कुठे लिहायची? चांगला टीडीएलवाला इथे नवा अहवाल उभारत बसत नाही. मालाच्या ओळीत तो तीव्रतेचं एक फील्ड घालतो, बिलाचं वजन सूत्राने काढतो आणि तीव्रतेचा आकडा साठवण्यासाठी यूडीएफ म्हणजे वापरकर्त्याने ठरवलेलं फील्ड जाहीर करतो. काम दहा-पंधरा ओळींत संपतं. मूळ सोय ओळखून उरलेली फटच तेवढी बुजवायची, यातच त्याचं कसब दिसतं.

यावर पहिला आक्षेप असा की हे एक्सेलमध्येही होतं. होतं, आणि पुष्कळ ठिकाणी तसंच चालतं. पण तिथे तीव्रता एका फाइलीत राहते आणि पैसे दुसऱ्या. कुणीतरी एक आकडा वाचून दुसरीकडे टाइप करतो, आणि चूक नेमकी तिथेच शिरते. दुसरा आक्षेप मोठ्या ईआरपीवाल्यांचा: असले जोड लावण्यापेक्षा पूर्ण प्रणाली घ्या. मोठ्या कारखान्यांना तो सल्ला योग्य आहे. पण पूर्ण प्रणालीतही शंभर टक्क्यांच्या हिशेबासाठी कुणाला तरी काही लिहावं किंवा जुळवावं लागतंच. फक्त त्याचं बिल मोठं येतं आणि ते करणारा माणूस लांब बसतो. तिसरा आक्षेप मात्र टोलवता येत नाही: जोड लावणाराच उद्या नसला तर?

अडचणींची खरी सुरुवात इथून होते. टीडीएलची मूळ फाइल वाचता येते. ग्राहकाला मात्र बहुधा संकलित केलेली टीसीपी फाइल मिळते, कधी एकाच परवान्याला बांधलेली. लिहिणाऱ्याने आपली मेहनत राखावी यात गैर काही नाही. पण लायचा हिशेब कोणत्या सूत्राने होतो हे पैसे मोजणाऱ्या मालकालाच वाचता येत नसेल, तर व्यवहार एकतर्फी झाला. यूडीएफचाही असाच पेच आहे. प्रत्येक यूडीएफला क्रमांक असतो. दोन वेगळ्या लोकांनी एकाच प्रकारच्या फील्डसाठी एकच क्रमांक वापरला तर एकाचा डेटा दुसऱ्याच्या नावाने दिसू लागतो. फाइल काढून टाकली तर आकडे कंपनीच्या डेटात राहतात, पण त्यांची ओळख पुसली जाते. एक्सएमएलमध्ये काढून पाहिलं तर नावाच्या जागी नुसता क्रमांक येतो. मूळ टॅली सुरक्षित राहतं हे खरं. जोडाने जमवलेल्या माहितीला तेवढं संरक्षण नाही.

सरकारी नियम बदलले की आणखी एक कसोटी लागते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि एक्साइजच्या बिलांसाठी लिहिलेले जोड निरुपयोगी झाले. ई-इन्व्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या उलाढालीपासून सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींपर्यंत उतरली. म्हणजे बोईसरच्या मध्यम कारखान्यांच्या दारात पोचली. आता पोर्टलवर जाणारी माहिती आणि कागदावर छापलेलं बिल या दोन गोष्टी झाल्या. फक्त छपाई बदलणारा जोड कागदावर एक वजन दाखवेल आणि पोर्टलला दुसरंच कळेल. २०२० च्या अखेरीस टॅलीप्राइम आलं तेव्हा पडद्यांची मांडणी बदलली आणि जुन्या मांडणीला चिकटलेले जोड पुन्हा तपासावे लागले. हॅशचं चिन्ह मूळ व्याख्येला नावाने हाक मारतं. ते नावच बदललं तर हाक कुणापर्यंत पोचणार?

सगळ्यांत अवघड प्रश्न लेखापरीक्षणाचा आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी असंच सॉफ्टवेअर वापरायचं आहे, ज्यात प्रत्येक फेरफाराची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. टॅलीने त्यासाठी एडिट लॉग दिला. व्हाउचरमधला आकडा कुणी कधी बदलला ते त्यात दिसतं. सूत्र मात्र व्हाउचरमध्ये नसतं, जोडाच्या फाइलीत असतं. ती फाइल बदलून दुसरी लावली तर त्या नोंदवहीला पत्ता लागत नाही. उत्तर न साठवता दर वेळी सूत्राने काढलेलं असेल, तर नव्या सूत्रानिशी छापलेलं जुनं बिलही नवं उत्तर दाखवेल. फाइल बदलणाऱ्याच्या मनात खोट नसली तरी असं होऊ शकतं, म्हणूनच याची काळजी वाटते.

यावरून जोडच नकोत असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. लायचा टँकर यायचा थांबत नाही. पण काम सोपवताना मालकाने चार गोष्टी लेखी मागाव्यात: वाचता येणारी मूळ फाइल किंवा निदान सूत्रांचं लेखी वर्णन, वापरलेल्या यूडीएफची नावं-क्रमांकांसह यादी, प्रत्येक बदलाची तारीख आणि कारण, आणि नवी आवृत्ती आधी डेटाच्या प्रतीवर चालवून पाहिल्याचा दाखला. यासाठी दर थोडे वाढतील आणि टीडीएलवाला कुरकुरेल. पण बॉयलरची तपासणी चुकवली तर निदान निरीक्षक विचारायला येतो. या ओळींची विचारपूस करायला दुसरं कुणी येणार नाही, म्हणून मालकाने आणि त्याच्या सीएने ते काम स्वतःकडे घ्यायला हवं.