पावसाचा जमाखर्च : परिसर अभ्यासाचा एक वर्षभराचा पाठ

आपल्या बहुतेक शाळांच्या भिंतींवर पाणी वाचविण्याविषयीचे एखादे सुवचन रंगविलेले असते. मुले ते रोज वाचतात आणि प्रभातफेरीत मोठ्याने म्हणतात. परंतु ज्या गावी माघ-फाल्गुनातच विहिरी तळ गाठतात, त्या गावची तिसरी-चौथीतील मुलगी शाळेत येण्यापूर्वी दोन-तीन खेपा पाणी वाहून आलेली असते. पाणी जपून वापरावे, हे तिला शिकविण्याची आवश्यकता नाही. घागरीतील पाणी हिंदकळून सांडू नये म्हणून ती किती जपते, हे आपण पाहतोच. तिला ठाऊक नसते ते एवढेच की, आषाढ-श्रावणात गावावर पडलेले पाणी चैत्रापर्यंत गेले कोठे ? या प्रश्नाचे उत्तर तिला तिच्याच गावात, तिच्याच हाताने शोधावयास लावणे, हे परिसर अभ्यासाचे खरे कार्य होय. त्यासाठी खर्चिक साधनांची गरज नाही. वर्षभराच्या ऋतुक्रमानुसार घेता येईल असा एक पाठ पुढे दिला आहे.

१. जमा : पाऊस मोजणे

शाळा जूनमध्ये उघडते आणि पाऊसही त्याच सुमारास येतो. सरळ उभ्या बाजूंचा व सपाट तळाचा एखादा डबा उघड्या जागी, झाडापासून व भिंतीपासून दूर, वाऱ्याने पडणार नाही असा बसवावा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी मुलांनी पट्टीने त्यातील पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी, ती वहीत तारखेसह लिहावी आणि डबा रिकामा करून पुन्हा जागेवर ठेवावा. डबा लहान असला काय किंवा मोठा असला काय, बाजू सरळ असतील तर पाण्याची उंची सारखीच येते. ही गोष्ट मुलांना प्रथम पटत नाही. म्हणून दोन निरनिराळ्या आकारांचे डबे शेजारी ठेवून त्यांनाच ती पडताळून पाहू द्यावी.

यानंतर एक साधे सूत्र शिकवावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले. शाळेची खोली 8 मीटर लांब व 6 मीटर रुंद असेल, तर तिचे छप्पर 48 चौरस मीटरांचे झाले. एका दिवशी 25 मिलिमीटर पाऊस झाल्यास त्या एका छपरावर 1,200 लिटर पाणी पडते. मुलांनी घागरीच्या मापाने भागाकार केला की, किती खेपांचे पाणी छपरावरून वाहून गेले, ते त्यांचे त्यांनाच कळते. गणिताचा तास आणि परिसराचा तास येथे एक होतात.

२. गळती : पाण्याबरोबर जाणारी माती

जुलै-ऑगस्टमध्ये ओढा गढूळ का होतो, हा प्रश्न वर्गात विचारावा. उत्तरासाठी दोन सारखी पसरट पात्रे घ्यावीत. डबा कापून पात्रे करावयाची असल्यास ते काम शिक्षकांनीच करावे व धारदार कडा दुमडून घ्याव्यात. एका पात्रात नुसती भुसभुशीत माती भरावी, दुसऱ्यात हरळीचे थर मातीसह उचलून बसवावेत. दोन्ही पात्रे सारख्याच उतारावर ठेवून झारीने सारखेच पाणी शिंपडावे आणि खाली वाहून येणारे पाणी काचेच्या दोन बरण्यांत धरावे. एका बरणीत गढूळ पाणी लवकर व पुष्कळ येते. दुसरीत ते उशिरा, थोडे आणि बरेच निवळ येते. बरण्या रात्रभर स्थिर ठेवल्या म्हणजे तळाशी बसलेल्या गाळाची जाडी मोजता येते.

या प्रयोगातून दोन गोष्टी एकदम स्पष्ट होतात. गवताने माती धरून ठेवली आणि त्याच गवताने पाण्याला मुरण्यास अवधीही दिला. माती व पाणी ही दोन वेगळी साधने नसून एकीचा नाश झाला की दुसरेही हातचे जाते. बोटभर जाडीचा सुपीक थर तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. उघड्या उतारावरून तो थोड्याच पावसाळ्यांत वाहून जाऊ शकतो. शेताचे बांध, माळावरील समतल चर, ओढ्यातील नालाबांध ही कामे कशासाठी केली जातात, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. मुलांना गावातील अशा एखाद्या कामावर नेऊन ते प्रत्यक्ष दाखवावे.

३. शिल्लक : विहिरीची पातळी

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग काळ्या पाषाणाचा आहे. हा खडक ज्वालामुखीच्या लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला असून तो कठीण आहे. त्यात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. म्हणजे आपल्या पायाखाली अथांग सरोवर नसून मर्यादित मापाची एक कोठी आहे. ती पावसाळ्यात भरते आणि वर्षभर उपसली जाते. 1972 च्या दुष्काळानंतर खोल विंधन विहिरी घेण्याचे प्रमाण राज्यात वाढत गेले. अशा विहिरीला पाणी लागले की नवा साठा सापडला, असे आपणांस वाटते. पुष्कळदा ते त्याच कोठीतील अधिक खोलवरचे, सावकाश भरणारे पाणी असते. शेजारची जुनी विहीर आटते, तिचे कारण बहुधा हेच असते.

ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या एका ठराविक तारखेस गावातील एका विहिरीची पातळी मोजावी. दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्यावे. मोजणी शिक्षकांनी स्वतः करावी. मुलांनी कठड्यापासून दूर उभे राहून आकडा टिपावा. बिनकठड्याची विहीर या कामासाठी मुळीच निवडू नये. मिळालेले आकडे वर्गाच्या भिंतीवरील तक्त्यावर उभ्या रेघांनी दाखवावेत. मे महिन्यापर्यंत ही रेघ कशी खाली उतरते, हे पाहिलेले मूल ते सहसा विसरत नाही.

४. खर्च : पाणी जाते कोठे ?

आता हिशेब मांडावा. समजा, गावाचे क्षेत्र 1,000 हेक्टर, लोकवस्ती 1,000 आणि वर्षाचा पाऊस 400 मिलिमीटर आहे. एका हेक्टरवर 40 लाख लिटर, म्हणजे सबंध गावावर 400 कोटी लिटर पाणी पडले. आता माणशी रोज 55 लिटर धरल्यास सर्व गावाची वर्षाची घरगुती गरज सुमारे 2 कोटी लिटर होते. चारशेपैकी दोन ! पडलेल्या पाण्यापैकी पुष्कळसे वाफ होऊन जाते, काही गवता-झाडांना लागते, काही ओढ्याने निघून जाते, हे खरे. तरीही अवर्षणप्रवण गावाला पिण्याचे पाणी पुरू नये, ही केवळ आकाशाची कृपणता नव्हे, हे या दोन आकड्यांवरून चौथीतील मुलालाही समजते.

हिशेबाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे दाखवावी. पाटाने भिजविलेल्या एक हेक्टर उसाला हंगामात सुमारे 2 कोटी लिटर पाणी लागते, म्हणजे वरील सबंध गावाच्या वर्षाच्या घरगुती गरजेइतके. रब्बी ज्वारीला त्याच्या एक-चतुर्थांशाच्या आसपास पुरते. येथे शिक्षकांनी एक पथ्य अवश्य पाळावे. कोणा एकाच्या मळ्याकडे बोट दाखवू नये. त्याच मळेकऱ्याचे मूल आपल्यासमोर बसलेले असते. आकडे फळ्यावर मांडावेत व मुलांना विचार करू द्यावा.

५. एक उदाहरण

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचे उदाहरण मुलांना जरूर सांगावे. कमी पावसाच्या प्रदेशातील या गावातून पूर्वी लोक कामासाठी बाहेर जात. 1989 मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे गाव राज्याच्या आदर्शगाव योजनेत सामील झाले. डोंगर-उतारांवर चर खोदले गेले, ओढ्यांवर बांध झाले. परंतु ते गाव केवळ बांधांवर थांबले नाही. गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, शेतीसाठी विंधन विहिरींचा उपसा बंद ठेवला, ऊस व केळी यांसारखी अधिक पाण्याची पिके टाळली. त्या वर्षी पाऊस किती झाला, हे पाहून कोणती पिके घ्यावयाची, हे ते गाव एकत्र बसून ठरविते. श्री. पवार यांना पुढे पद्मश्री मिळाली. याउलट 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दोन्ही ठिकाणे महाराष्ट्रातीलच आहेत. जमा वाढविणे सोपे नसले तरी शक्य असते, पण खर्चाला शिस्त लावल्यावाचून शिल्लक राहत नाही, हा या उदाहरणांचा बोध होय.

६. शाळेने काय करावे ?

वृक्षारोपणाचा समारंभ अनेक ठिकाणी दरवर्षी होतो आणि पुष्कळदा गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात नवे रोप लावले जाते, ही गोष्ट आपण आपल्याशी तरी मान्य केली पाहिजे. मोठ्यांच्या या विस्मरणातून मुले जे शिकतात, ते कोणत्याही पाठापेक्षा अधिक खोल रुजते. म्हणून रोपे थोडी लावावीत. चिंच, कडुनिंब, करंज अशी आपल्या मातीत टिकणारी झाडे निवडावीत, प्रत्येक रोपाला दोन मुलांचे पालकत्व द्यावे आणि दोन उन्हाळे ती जगतील अशी व्यवस्था करावी. हात धुतलेले पाणी याच रोपांना मिळावे. शाळेचा नळ गळत असेल, तर मुलांनी त्याखाली भांडे ठेवून दिवसाची गळती मोजावी. सेकंदाला एक थेंब गळणारा नळही दिवसाकाठी सुमारे चार लिटर पाणी घालवितो. हा आकडा शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवला म्हणजे दुरुस्तीची मागणी अधिक वजनदार होते.

वर्ष संपत आले म्हणजे मुलांच्या वहीतील पावसाचे आकडे, विहिरीचा तक्ता आणि गावाचा जमाखर्च एका मोठ्या कागदावर सुवाच्य अक्षरांत उतरवावा व तो ग्रामसभेच्या दिवशी चावडीजवळ लावावा. त्याखाली उपदेशाचे एकही वाक्य लिहू नये. आपल्याच मुलांच्या हस्ताक्षरातील आकडे वडीलधारी मंडळी थांबून वाचतील. आणि पहाटे घागर घेऊन जाणारी ती मुलगी त्या कागदासमोर उभी राहून आपल्या आईला तो वाचून दाखवील, तर वर्षभराचा पाठ पूर्ण झाला, असे समजावे.