रीफ टँकचा पहिला अपग्रेड: लाइट नव्हे, ऑटो टॉप-ऑफ

खाऱ्या पाण्याच्या टँकवर पहिले पैसे कशावर घालायचे, तर बहुतेक जण लाइट सांगतात. माझं मत ऑटो टॉप-ऑफला. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ टँकमध्येच राहतं. म्हणून रोजची घट आरओ-डीआय फिल्टरच्या गोड्या पाण्यानेच भरायची; ऑटो टॉप-ऑफ हेच काम आपोआप करतो. खारटपणा ३५ पीपीटी, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६. (जुहूचं पाणी फुकट मिळतं, पण त्यात काय काय असतं ते मुंबईकरांना सांगायला नको.)

प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतात. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास, मॅग्नेशियम १३०० च्या पुढे ठेवा. आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी चालतो, रोज हलता कामा नये. मॅग्नेशियम घसरलं तर कॅल्शियम कार्बोनेट पाण्यातच साका होऊन बसतं. मग कितीही डोस घाला, बाकीचे दोन आकडे वर सरकत नाहीत. डोसिंग पंप घेण्याआधी चांगले टेस्ट किट घ्या.

एप्रिल-मेमध्ये खरा शत्रू तापमान. पाणी बराच काळ ३० अंशांवर राहिलं तर प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. पुण्याच्या कोरड्या हवेत पाण्यावर सोडलेला पंखा बऱ्यापैकी काम करतो. मुंबईच्या दमट हवेत चिलरला पर्याय नाही. वीजबिल वाढणार, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि हो, दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानदार ‘इम्पोर्टेड आहे’ म्हणाला, तरी कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.