लादी बसविण्याची विद्या

नव्या घराचा उंबरठा ओलांडणाऱ्या पाहुण्याची नजर प्रथम भिंतींच्या रंगाकडे जाते. परंतु घरांत राहणाऱ्यांचा बारा महिने संबंध येतो तो जमिनीशीं. ती सपाट असली, पाणी जेथें वाहावें तेथेंच वाहूं लागलें, पायाखालीं पोकळ आवाज आला नाहीं, म्हणजे तिची आठवण कोणासहि होत नाहीं. उलट न्हाणीघरांतील पाणी सांध्यांतून झिरपूं लागलें कीं खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल येते, इतक्या वर्षांच्या शेजाऱ्यांत बोलाचाली होते, आणि दोष घरमालकाचा, कंत्राटदाराचा कीं मिस्त्रीचा याचा निकाल लागत नाहीं. हें सर्व ज्याच्या हातावर अवलंबून असतें, तो लादीकाम करणारा मिस्त्री आपली विद्या कोठें शिकतो, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाहीं.

ठाणें, कल्याण आणि डोंबिवली हा प्रदेश या प्रश्नाचा विचार करण्यास अगदीं योग्य आहे. १८५३ सालच्या १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्यास पोंचली आणि पुढच्याच वर्षीं रूळ कल्याणपर्यंत गेले. रुळांच्या मागोमाग वस्ती आली. शेणानें सारवलेल्या जमिनीची जागा शहाबादी फरशीनें घेतली, आणि तिच्या मागून सिमेंटच्या रंगीत लाद्या आल्या. अशा लाद्या परदेशांतून आणाव्या लागूं नयेत म्हणून १९२२ सालीं फिरोजशा सिधवा यांनीं स्वदेशीच्या भावनेनें भारत टाइल्सचा कारखाना उभारला. १९५८ मध्यें सुरू झालेल्या जॉन्सन कंपनीनें ठाण्यांत झिलईच्या टाइल्सचा कारखाना चालविला. आज गुजरातेंतील मोरबीहून येणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्सनीं इकडील नव्या इमारती भरून गेल्या आहेत.

माल असा तीनदां बदलला; पण तो बसविण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं जुनीच राहिली, आणि बिघाडाचें मूळ येथेंच आहे. भिंतीवरील साधी झिलईची टाइल आपल्या वजनाच्या शेंकडा दहांहून अधिक पाणी शोषून घेते. ती कोरडीच लावली तर मसाल्यांतील पाणी ओढून घेते व सिमेंट कच्चें राहतें. म्हणून ती आधीं पाण्यांत भिजत घालण्याचा जुना नियम योग्यच होय. व्हिट्रिफाइड टाइल मात्र शेंकडा अर्ध्याहूनहि कमी पाणी शोषते. तिला भिजविण्यांत कांहींच अर्थ नाहीं. आणि तिच्या अंगांत शिरून घट्ट धरण्यास साध्या सिमेंटला जागाच सांपडत नाहीं. कांहीं काळानें ती सुटते, ठोकल्यास पोकळ वाजते आणि जड भांडें पडतांच तडकते. तिच्यासाठीं वेगळा चिकट मसाला लागतो. त्याचे प्रकार भारतीय मानक १५४७७ मध्यें ठरवून दिलेले आहेत.

हा मसाला चार कोपऱ्यांना चार गोळे ठेवून चालत नाहीं. दांतेरी थापीनें तो सर्वत्र एकाच दिशेनें ओढावा, म्हणजे त्यावर सारख्या रेघा उठतात. मग टाइल दाबून किंचित् सरकविली कीं रेघा मोडून खालची हवा निघून जाते. दोन टाइल्समध्यें सांधा ठेवणें हीहि केवळ शोभेची बाब नव्हे. उन्हानें तापलेली गच्ची प्रसरण पावते. तिला सांध्याची जागा मिळाली नाहीं तर लाद्या एकमेकींना रेटून फुगून उठतात. खोली काटकोनांत आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजावे. तिरकें अंतर बरोबर पांच फूट भरलें तर गुण्या साधला. न्हाणीघरांत मीटरमागें निदान एक सेंटिमीटर उतार जाळीकडे द्यावा. आणि टाइल लावण्यापूर्वीं जलरोधक थर देऊन त्यावर निदान एक अहोरात्र पाणी तुंबवून ठेवावें. खालीं ओल आली तर तेव्हांच कळते, आणि दुरुस्तीहि तेव्हांच स्वस्तांत होते.

आतां ही विद्या मिळते कशी? बहुतेकांची शाळा म्हणजे कामगारांचा नाका. मुलगा प्रथम बिगारी होतो. मसाला कालवितो, लाद्या वर चढवितो, आणि उस्तादाची मर्जी झाली म्हणजे कांहीं वर्षांनीं थापी त्याच्या हातीं येते. या परंपरेचा गुण मोठा आहे. ओळंबा, दोरी आणि पाणसळ यांच्यावर बसलेला हात पुस्तकांतून मिळत नाहीं. परंतु उस्तादानें ‘असें कर’ एवढेंच सांगितलें आणि ‘कां’ हें सांगितलें नाहीं, तर माल बदलतांच शिष्य अडतो. शिवाय या शिक्षणाचा कसलाहि दाखला नसल्यामुळें, वीस वर्षांचा कसबी कारागीर आणि कालचा नवशिका नाक्यावर एकाच रांगेंत उभे राहतात व मजुरीची घासाघीसहि सारखीच होते.

शिक्षणाच्या सोयी अगदींच नाहींत असें नव्हे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची कारागीर योजना १९५० सालीं सुरू झाली. ठाण्यांत आणि अंबरनाथेंत अशा शासकीय संस्था आहेत, आणि या योजनेंत गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. २०१५ सालच्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेनें, काम करीत शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्यास प्रमाणपत्र देण्याची वाट मोकळी केली. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेंतील अठरा व्यवसायांत गवंड्याचा समावेश असून, शिक्षणाच्या काळांत रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेविलें आहे. रोजंदारी बुडेल या भीतीनें जो शिकावयास येत नाहीं, त्याला विद्यावेतनाचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

दाखल्याचें मोल काय, याचा धडा जर्मनीनें घेतला आहे. तेथें टाइलकाम शिकण्यास तीन वर्षें लागतात. २००४ सालीं या धंद्यासह ५३ धंद्यांत दुकान काढण्यासाठीं असलेली उस्तादपदाच्या परीक्षेची अट काढून टाकण्यांत आली. टाइलकामाच्या दुकानांची संख्या कित्येक पटींनीं वाढली. मात्र उमेदवारांना शिकविणारीं दुकानें कमी झालीं व नवे शिकाऊ घटले. अखेर २०२० मध्यें बारा धंद्यांसाठीं ती अट पुन्हां घालण्यांत आली, आणि त्यांत टाइलकामहि आहे. धंद्याचें दार उघडें ठेवणें इष्ट असलें तरी शिकविणाऱ्याची जबाबदारी कोणी तरी घ्यावी लागते, असा त्याचा अर्थ.

शिक्षणाचा आणखी एक भाग केवळ कौशल्याचा नसून प्राणांचा आहे. यंत्राच्या चक्रीनें टाइल कोरडी कापली म्हणजे पांढऱ्या धुळीचा लोट उठतो. त्या धुळींत सिलिका असते. ती वर्षानुवर्षें श्वासाबरोबर आंत गेल्यास फुप्फुसें कठीण होतात. त्या रोगास सिलिकोसिस म्हणतात, आणि तो बरा करणारें औषध नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें १९९७ सालीं ही धूळ कर्करोगकारक ठरविली. पात्यावर पाण्याची धार धरून कापणें आणि नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधणें, एवढ्यानें धोका पुष्कळ कमी होतो. पण तोंडाला रुमाल गुंडाळून खिडकीपाशीं बसलेल्या पोराला हें कोणी सांगितलेलेंच नसतें.

येथें घरमालकाचेंहि कर्तव्य आहे. काम ठरवितांना चौरस फुटाच्या दराबरोबरच पाणी तुंबवून पाहण्याची अट घालावी, ओल्या पद्धतीनें कापण्याचा आग्रह धरावा, आणि वर्षांत ९० दिवस बांधकामावर राबलेल्या मजुराची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी झाली आहे काय, हें विचारावें. विचारणारे वाढले म्हणजे शिकणारेहि वाढतील. मुलानें पदवी घ्यावी असें वाटणाऱ्या सुशिक्षित घरांनाहि एवढें ध्यानांत ठेवितां येईल कीं, ज्या जमिनीवर त्या पदवीधराचें टेबल मांडलें जातें, ती कोणाच्या तरी शिकलेल्या हातानें समपातळींत आणलेली असते.