पत्रा, प्लायवूड, रद्दी, काच

हुसेन यांचा घोडा सगळ्यांना ठाऊक आहे. कंदिलाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. १९५६ च्या ‘बिटवीन द स्पायडर अँड द लॅम्प’ या चित्रात तो आहे. १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी राजस्थानात ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला, त्यातही छत्री आणि जोड्याच्या सोबतीने तो येतो. बर्लिन महोत्सवात त्या लघुपटाला गोल्डन बेअर मिळाले. पण हा कंदील शोधायचा तर सुरुवात सोलापूर जिल्ह्यापासून करावी लागते.

मकबूल फिदा हुसेन १९१५ साली पंढरपुरात जन्मले, सुलेमानी बोहरा कुटुंबात. दीडेक वर्षाचे असतानाच आई गेली. तिचा फोटोसुद्धा मागे राहिला नाही. पुढे त्यांच्या कितीतरी चित्रांतल्या बायकांना नाकडोळे नाहीत, त्याचे मूळ अनेकांनी इथे शोधले आहे. वडिलांनी दुसरे लग्न केले, बिऱ्हाड इंदूरला हलले. तिथे आजोबांचा धंदा पत्र्याचा, कंदील बनवण्या-दुरुस्तीचा. पोर त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढले. (विठोबाच्या गावाला हुसेन यांचे बालपण जेमतेमच मिळाले, तेव्हा ‘आमचा माणूस’ म्हणायचे ते आम्ही जरा हळू आवाजातच म्हणावे.)

तिशीच्या दशकात मुंबईला आल्यावर पोटासाठी सिनेमाची होर्डिंगे रंगवायला सुरुवात झाली. मजुरी चौरस फुटाला चार-सहा आणे. हे काम कुठल्याही आर्ट स्कूलपेक्षा कडक. नायिकेचा डोळाच हातभर लांब; परांचीवर उभे राहून तो काढताना मागे सरकून बघायची सोय नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला चालता चालता चेहरा ओळखता आला पाहिजे, म्हणून रेघ एकदाच आणि ठाम मारायची, बारकाव्यात शिरायचे नाही. हुसेन यांच्या रेषेतला तो प्रसिद्ध झपाटा मला तरी या परांचीवरचा वाटतो. पॅरिसचा, पिकासोचा प्रभाव वगैरे नंतरची गोष्ट.

होर्डिंगांनंतर चाळिशीच्या दशकात फर्निचर आणि खेळणी आली. लहान मुलांच्या खोलीसाठी प्लायवूडचे तुकडे कापून, रंगवून ते खेळणी करत. आकार आधी कापून घ्यायचा आणि मग त्यात रंग भरायचा, ही सुताराची रीत पुढे कॅनव्हासवरही दिसते. त्यांच्या कित्येक आकृती करवतीने कापून पाटीवर चिकटवल्यासारख्या कडक कडांच्या आहेत. १९४७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांचे ‘सुनहरा संसार’ लागले, चित्रकार सूझांच्या बोलावण्यावरून ते प्रोग्रेसिव्ह या चित्रकारांच्या गटात गेले आणि पुढची घोडदौड सगळ्यांना माहीत आहे. १९५४ चे, तेरा चौकटींचे ‘ग्रामयात्रा’ त्याच वर्षी एका डॉक्टरांबरोबर नॉर्वेला गेले आणि ऑस्लोच्या रुग्णालयात अनेक दशके टांगलेले राहिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलर मिळाले. चार आण्यांच्या हिशोबाने किती चौरस फूट होतात, ते ज्याने त्याने मांडून पाहावे.

एवढा भाव मिळणाऱ्या हाताने १९९२ साली जहांगीर आर्ट गॅलरीत काय मांडले? पांढऱ्या कापडाचे तागेच्या तागे आणि जमिनीवर फाडलेल्या वर्तमानपत्रांचा थर. नाव ‘श्वेतांबरी’. विकत घ्यायला काहीच नाही. त्याच वर्षी कोलकात्यात लोकांसमोर देवींची चित्रे रंगवली आणि शेवटी त्यांच्यावर पांढरा रंग फिरवून टाकला. यात नाटकीपणा होताच, हुसेन यांना टाळी हवी असायची. ‘श्वेतांबरी’ मला आजही अर्धी कल्पना वाटते. कोलकात्याची गोष्ट वेगळी. घडवायचे आणि बुडवायचे, ही रीत तर गणपती विसर्जन करणाऱ्या आपल्याला नव्याने सांगायला नको.

माझ्या मते वेगळ्या माध्यमातले त्यांचे सर्वांत सरस काम अहमदाबादच्या गुफेत आहे. वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांनी नव्वदीच्या दशकात जमिनीखाली तारेच्या जाळीवर सिमेंट थापून ती केली. वरचे घुमट फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवले. आत सरळ भिंतच नाही, त्यामुळे चौकट लावणार कुठे? हुसेन यांनी वळत्या भिंतींवरच ब्रश चालवला. दारे आणि एअर कंडिशनरसुद्धा सोडले नाहीत. आणि कललेल्या खांबांच्या मधे त्यांनी धातूच्या पत्र्यातून कापलेली माणसे उभी केली. आजोबांच्या दुकानातला पत्रा इथे इतक्या वर्षांनी पुन्हा हाती आला.

देवदेवतांच्या चित्रांवरून खटले झाले, घरावर हल्ला झाला. २००६ मध्ये ते देश सोडून गेले. २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले.

दोह्यात त्यांच्या डोक्यात काच होती. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या कारागिरांकडून घडवलेले काचेचे घोडे, सोबत मोटारी आणि उडणारा माणूस, हे सगळे एका फिरत्या मंचावर. ‘सीरू फी अल अर्द’ हे त्या मांडणीचे नाव. ९ जून २०११ ला हुसेन लंडनमध्ये वारले. घोडे फिरू लागले ते २०१९ साली.