रक्तदाबी उंदीर आणि ‘त्या एका’ जनुकाचा शोध

उच्च रक्तदाबाच्या संशोधनात वापरल्या जाणाऱ्या उंदरांना औषध टोचून आजारी पाडले जाते, असा समज सर्रास आढळतो. तसेही प्रयोग होतात. परंतु सर्वांत परिचित वाण क्योटोच्या ओकामोतो आणि आओकी यांनी केवळ निवडीने घडवला. विस्टार जातीतील ज्या उंदरांचा रक्तदाब आपोआपच अधिक होता, त्यांचीच पिढ्यानपिढ्या आपसांत पैदास करून त्यांनी तो १९६३ साली जाहीर केला. सख्ख्या भावंडांची वीस पिढ्या अशी पैदास झाली की वाण शुद्ध, म्हणजे जनुकांच्या दृष्टीने जवळपास एकसारखा मानला जातो.

यापुढचा गैरसमज अधिक चिवट आहे: वाण शुद्ध, तर रक्तदाबाचे जनुकही एकच असणार. याची पारख कशी होते, हे कर्जत-खालापूरच्या भातशेतकऱ्याला सांगावे लागू नये. कर्जतच्या संशोधन केंद्रातून १९९८ साली आलेल्या ‘सह्याद्री’ या संकरित भाताचे घरचे बी पुन्हा पेरले, तर काही रोपे उंच, काही बुटकी, काही लवकर तर काही उशिरा निसवणारी निघतात, कारण संकरात एकत्र आलेली जनुके दुसऱ्या पिढीत वेगवेगळ्या प्रकारे वाटली जातात. शेतकरी जी पिढी टाळतो, तीच संशोधक मुद्दाम पैदा करतात. रक्तदाबी आणि निरोगी वाणांच्या संकराच्या या दुसऱ्या पिढीत ठळक गट पडत नाहीत. रक्तदाब कमीपासून जास्तीपर्यंत सलग पसरलेला दिसतो, आणि त्यावरून अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असल्याचे उघड होते. १९९१ साली दहाव्या गुणसूत्रावर, रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य तयार करणाऱ्या एका विकराच्या जनुकाजवळ, असा एक पट्टा सापडला खरा. पण अशा पट्ट्यात इतरही कितीतरी जनुके असतात, ही बाब उत्साहाच्या भरात विसरली जाते.

मीठ सर्वांनाच सारखे बाधते, हेही खरे नाही. अमेरिकेतील लुईस डाल यांनी १९६२ च्या सुमारास भरपूर मिठाच्या आहारावर उंदरांचे दोन वंश निवडले. त्याच आहारावर एकाचा रक्तदाब चढे, दुसऱ्याचा जवळपास स्थिर राही. पुढे मूत्रपिंडांची अदलाबदल केली असता रक्तदाबही बऱ्याच अंशी मूत्रपिंडामागोमाग गेला, म्हणजे निदान या वंशांत दोषाचा मोठा भाग तेथेच होता.

उंदरात सापडलेले जनुक माणसाला जसेच्या तसे लागू होते, ही समजूत तर उंदरांच्याच बाबतीत टिकत नाही. क्योटोच्या वाणाच्या अमेरिकेत वाढवलेल्या शाखेत ‘सीडी ३६’ या जनुकातील बिघाड १९९९ साली आढळला आणि त्या वाणातील इन्सुलिनला दाद न देण्याच्या दोषाचे मूळ त्यात असल्याचे मांडले गेले; त्याच वर्षी तपासलेल्या जपानमधील मूळ शाखेत मात्र तो दोष आणि उच्च रक्तदाब दोन्ही होते, जनुकातील बिघाड नव्हता.