इंटरनेटवरील पत्ता : हक्क आणि दाद

व्यापारी बंधूंनो, आपल्या पेढीचे नाव दुसऱ्याने स्वतःच्या पाटीवर लिहिले तर न्यायालयात दाद मागता येते, हे आपण जाणतोच. इंटरनेटवरील नावासही तोच न्याय लागू आहे. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात ‘रेडिफ’चा दावा आला, प्रतिवादीने एकच अक्षर फिरवून ‘रॅडिफ’ हे नाव नोंदविले होते. न्यायालयाने त्यास मनाई केली. २००४ साली ‘सत्यम इन्फोवे’च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही अशा नावास व्यापारचिन्हासारखे संरक्षण मान्य केले. ‘डॉट इन’ नावांचे तंटे लवादाकडेही नेता येतात; तेथे नाव रद्द होते किंवा हक्कदारास मिळते.

परंतु नावामागे जो क्रमांक असतो, त्याची गोष्ट निराळी. भारतात हे क्रमांक निक्सी संस्थेची ‘आयआरआयएनएन’ ही नोंदणी शाखा देते. ही मालकी नव्हे. बाजार समितीच्या गाळ्याप्रमाणे अटींवर मिळालेला वापराचा हक्क होय.

आणि मार्गाचे काय? ‘हा क्रमांक आमच्याकडे आहे’ असे एका कंपनीचे जाळे पुकारते आणि शेजारची जाळी बहुधा विश्वासाने मानतात. सही न पडताळता हुंडी वटवावी, तसेच हे! फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानातील दूरसंचार कंपनीच्या अशा पुकाऱ्याने यूट्यूब जगभर सुमारे दोन तास बंद पडले. १६ एप्रिल २०२१ रोजी आपल्याकडील व्होडाफोन आयडियाच्या जाळ्यातून तीस हजारांहून अधिक परके मार्ग पुकारले गेले. ह्या चुका म्हणता येतील. पण एप्रिल २०१८ मध्ये ॲमेझॉनच्या क्रमांकांचा मार्ग वळवून लोकांचे आभासी चलन चोरले गेले.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ अन्वये, दुसऱ्याचा संगणकप्रवेश विनापरवाना रोखणाऱ्याकडून भरपाई मागता येते. पाच कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे चालतो. लबाडी सिद्ध झाल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. मात्र मार्ग वळविणारा परदेशात असला, तर ही कलमे फारशी कामास येत नाहीत, असे माझे मत आहे.

म्हणून ‘आरपीकेआय’ ही सहीशिक्क्याची नोंद महत्त्वाची. कोणत्या जाळ्याने कोणता क्रमांक पुकारावा, हे तीत लिहिलेले असते. आपल्या इंटरनेट पुरवठादाराने ती केली आहे काय, हे अवश्य विचारावे. ठाणाकुशनूरच्या तूर-व्यापाऱ्याने आणखी एक पाहावे : दुकानाचे नाव पेढीच्या नावे नोंदले आहे, की संकेतस्थळ करून देणाऱ्या पोराच्या? नोंदणीची पावती खतावणीशेजारीच ठेवावी.