चेंडू चालला, पण कप वेगळा!

प्रभादेवीत पी. बाळू मार्ग आहे. परळ, लालबाग, दादरचे आपले कितीतरी लोक त्या रस्त्याने ये-जा करतात. पण हे बाळू कोण, असे घरातल्या शाळकरी पोरांना विचारले तर उत्तर मिळेलच असे नाही. म्हणून त्यांची ओळख करून देणे आम्हांला अगत्याचे वाटते.

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाडला चर्मकार समाजात झाला. वडील लष्करात नोकरीला असल्याने बालपण पुण्यात गेले. पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि महिन्याला ३ रुपये घ्यायचे, ही त्यांची सुरुवात. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर लागले. साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता त्यांचा डावखुरा हात असा वळू लागला की कॅप्टन ग्रेगसारखा नामवंत फलंदाजही त्यांच्यापुढे चाचपडे. मात्र बॅट साहेबांच्याच हाती राहिली. बाळूंनी फक्त चेंडू टाकायचा!

इंग्रजांना हरवायचे तर हा गोलंदाज हवाच, हे पुण्याच्या हिंदू क्लबाने ओळखले. बाळूंना संघात घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत, बाळू बाहेर! त्यांना चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे, जेवणाचे ताटही वेगळे. चेंडू विटाळत नव्हता, कप मात्र विटाळत होता. वाचकहो, याला काय म्हणावे?

प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले. इथल्या हिंदू जिमखान्यातही त्यांना घेण्याला काही सभासदांनी विरोध केला, पण कर्णधार कीर्तिकरांनी तो मोडून काढला. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ विलायतेला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात तब्बल ११४ बळी घेतले. दुखरा खांदा घेऊन!

अमेरिकेत काळ्या जॅकी रॉबिन्सनने १९४७ साली गोऱ्यांच्या व्यावसायिक बेसबॉलचा दरवाजा उघडला, तेव्हा जगभर त्याचे नाव झाले. त्याच्या पन्नास वर्षे आधी आपल्याकडे हा दरवाजा बाळूंनी ढकलला होता.

पण दरवाजा ढकलणे वेगळे आणि मानाची खुर्ची मिळणे वेगळे. इतके बळी घेऊनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधी रीतसर दिले गेले नाही. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे तिघे भाऊही उत्तम खेळाडू होते. १९२० साली विठ्ठलचा हक्क डावलला गेला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून संघ सोडला. अन्याय निमूटपणे गिळला नाही. अखेर तडजोड झाली, बाळू उपकर्णधार झाले आणि कर्णधार पै मैदानाबाहेर गेल्यावर काही वेळ संघ त्यांनी चालवला. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले.

आता एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांला बरे वाटत नाही. तरुण भीमरावांना बाळूंचा मोठा अभिमान होता. पण पुढे वाटा वेगळ्या झाल्या. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंनाच बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. समाजाने आपला नेता निवडला आणि तो निवाडा योग्यच होता. पण म्हणून बाळूंची मैदानावरची कमाई कमी होत नाही. १९५५ साली ते वारले.

बाळूंच्या आयुष्यातून आम्हांला दिसते ते असे : गुणाने मैदान मिळते, मान मात्र मागावा लागतो, आणि मागून मिळाला नाही तर ठामपणे उठून बाहेर पडावे लागते. विठ्ठल-शिवरामांनी तेच केले. चाळीच्या गल्लीत चेंडू फळी खेळणाऱ्या आपल्या मुलामुलींना पालवणकर बंधूंची ही गोष्ट सांगा. खेळू द्या त्यांना, पण ताठ मानेने खेळायला शिकवा!